मोठ्या फायली थेट डेटाबेसात कोंबाव्यात का?

सड्यावरचा: देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांचे सातबारे आणि बागांचे ड्रोन फोटो आमच्या पीएचपी ॲपमधून थेट मायएसक्यूएल डेटाबेसाच्या कॉलममध्ये जातात. 900 केबीचा फोटो चढतो, पण उघडला की वरची पट्टी दिसते, खाली सगळं करडं. 20 एमबीला तर वेबसर्व्हर इंजिनएक्स 413 (फाईल फार मोठी) ही एरर देतं. माझं मत, मर्यादा वाढवा, विषय संपला.

खाजण: वाढवा, पण आधी करडा फोटो बघा. कॉलम ब्लॉब (फाईलचा कच्चा डेटा ठेवणारा प्रकार) आहे, त्यात 65,535 बाइट मावतात. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असला की उरलेलं मायएसक्यूएल गुपचूप कापतं. कॉलमची लेंग्थ काढून बघा, नेमका हाच आकडा येईल. मीडियमब्लॉब 16 एमबीला संपतो, म्हणजे 20 साठी लाँगब्लॉबच. 413 म्हणजे फाईल पीएचपीपर्यंत पोचलीच नाही, कारण इंजिनएक्सची मूळ मर्यादा 1 एमबी. ती 32 करा. पुढे पीएचपी उभंच आहे: फाईलला 2 एमबी, पोस्टला (म्हणजे पाठवलेल्या अख्ख्या फॉर्मला) 8. ती 25 आणि 30 करा. पोस्टची मर्यादा ओलांडली तर फॉर्म रिकामा पोचतो आणि माणूस एचटीएमएलमध्ये चूक शोधत बसतो. शेवटी मॅक्स अलाउड पॅकेट, म्हणजे मायएसक्यूएल एका वेळी घेतं त्या डेटाची मर्यादा: मूळची मायएसक्यूएल 5.7 मध्ये 4 एमबी, 8.0 मध्ये 64.

पऱ्ह्याकाठी: साफ चूक. सड्यावर (पठारावर) रेंज असते, पऱ्ह्याकडे (ओढ्याकडे) उतरलं की गेली. 1 एमबीपीएसवर 20 एमबीला किमान 160 सेकंद. शेवटाला तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तुकडे करा, प्रत्येकाला क्रमांक द्या, पोचलेले पुन्हा पाठवू नका, शेवटी शा-256 हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळवा. फाईल डिस्कवर, डेटाबेसात फक्त पाथ, आकार आणि हॅश. असे 500 फोटो म्हणजे 10 जीबी, डेटाबेसाच्या रोजच्या डंपमध्ये (बॅकअपमध्ये) ते कशाला वाहायचे?

खाजण: आणि रेकॉर्ड उडवलं तर डिस्कवरची अनाथ फाईल कोण झाडणार? दोन बॅकअप वेगवेगळ्या वेळी घेतले की पाथ आहे, फाईल नाही. डेटाबेसात ट्रान्झॅक्शन एकच, सगळं एकत्र होतं किंवा काहीच नाही.

पऱ्ह्याकाठी: रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून झाडा. आधी डेटाबेसचा बॅकअप, मग फायलींचा, आणि झाडणी या दोन्हींनंतर. मग पाथ आहे नि फाईल नाही, असं होणार नाही.

सड्यावरचा: मग 1 एमबीचे तुकडे पाडतो, इंजिनएक्सला हातच लावत नाही.

खाजण: अहो, मल्टिपार्टची (फॉर्ममधून फाईल पाठवायच्या पद्धतीची) शीर्षकं धरून ते 1 एमबीच्या वर जातं. पुन्हा 413! 512 केबी घ्या. आणि सातबारा रंगीत स्कॅन करता कशाला? महाभूमी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा मिळतो. तो मात्र मी डेटाबेसातच ठेवीन.