मदत हवी आहे: एकदा रक्तदान केलेली माणसे पुन्हा का येत नाहीत?

नमस्कार. नाशिकमध्ये सातपूर औद्योगिक वसाहतीजवळच्या आमच्या सोसायटीत गेली चार वर्षे मे महिन्यात रक्तदान शिबिर होते. मे निवडण्याचे कारण असे, की महाविद्यालयांना सुट्टी लागते, लोक गावी जातात आणि नेमकी तेव्हाच रक्तपेढ्यांत रक्ताची चणचण भासते. पहिल्या वर्षी रांग जिन्यापर्यंत गेली होती. गेल्या वर्षी दुपारपर्यंत निम्म्या खाटा रिकाम्या होत्या, आणि नवे लोक आले नाहीत यापेक्षा जुने परतले नाहीत याची मला जास्त काळजी वाटते.

घरोघरी जाऊन विचारले तेव्हा सुईची भीती फार थोड्यांनी सांगितली. शेजारच्या एका काकूंचे उत्तर मात्र मनातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी त्या उत्साहाने आल्या होत्या. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात बुडण्याऐवजी वर तरंगत राहिला, म्हणजे हिमोग्लोबिन कमी भरले, आणि रांगेतल्या सर्वांसमोर ‘तुमचे चालणार नाही’ एवढेच सांगून त्यांना परत पाठवले गेले. दर शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्त घेत नाहीत, हा नियम त्यांच्याच प्रकृतीसाठी आहे, हे दोन वाक्यांत समजावून सांगायला आमच्यापैकी कोणीही तिथे थांबले नव्हते. ही चूक आयोजक म्हणून आमची आहे, असे मी मानतो.

कारखान्यांतील कामगारांची अडचण वेगळी आहे. रात्रपाळी संपवून, काही न खाता आलेल्या एका तरुणाला रक्त दिल्यावर चक्कर आली आणि त्यानंतर त्याच्या खोलीवरचे कोणीच आले नाहीत. रक्त दिल्याने कायमचा अशक्तपणा येतो, हा समज तिथे घट्ट रुजला आहे. वास्तविक एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते, त्यातील द्रवाची भरपाई एक-दोन दिवसांत होते आणि तांबड्या पेशी भरून निघायला काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी चार महिन्यांचे अंतर ठेवले आहे.

‘आम्ही फुकट देतो, मग रुग्णाकडून पैसे का घेतात?’ हा प्रश्न तर दर वर्षी येतो. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग व मलेरिया यांच्या तपासण्या, घटक वेगळे करणे आणि साठवण यांचा तो खर्च असतो, हे मी सांगतो. पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची शंका जात नाही.

काही सभासदांचा आग्रह आहे की यंदा भेटवस्तू ठेवावी. मला ते पटत नाही. वस्तूच्या ओढीने आलेला माणूस आपला आजार लपवू शकतो, आणि संसर्ग ताजा असेल तर तपासणीतही तो निसटण्याची शक्यता उरते.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे की स्वतःचा अनुभव लिहावा. दुसऱ्यांदा रक्त द्यायला आपण कशामुळे गेलात? एकदा देऊन थांबला असाल, तर नेमके काय खटकले? परत पाठवल्या गेलेल्या स्त्रियांशी कसे बोलावे, याविषयी रक्तपेढीत काम करणाऱ्यांनी सांगितले तर फार मदत होईल. रात्रपाळीच्या कामगारांसाठी शिबिर त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, नाश्त्यानंतर ठेवावे असा विचार आहे. कोणी असे केले असेल तर प्रतिसाद कसा मिळाला, तेही कळवावे. पत्रक येत्या आठवड्यात छपाईला द्यायचे आहे.