बॅश: एलियास जुनीच तारीख धरून बसलाय

रात्रपाळी:
मंडळी, सल्ला हवाय. रोज संध्याकाळी डेटाबेसचा डंप (फाइलमधली पूर्ण प्रत) काढून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी .बॅशआरसीमध्ये (बॅश हा कमांड चालवणारा शेल उघडताना वाचतो ती फाइल) 'बॅकअप' नावाचा एलियास, म्हणजे लांब कमांडचं टोपणनाव, केलाय, फाइलच्या नावात डेट कमांड टाकून. टीमक्सचं (टर्मिनल मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सेशन आठवडाभर चालूच असतं, म्हणजे शेलही तोच. काल पाहिलं तर सोमवारच्या तारखेची एकच फाइल, आणि आत गुरुवारचा डेटा! आधीचे तीन डंप गेले. एलियास सोडून फंक्शन (नाव दिलेला कमांडचा गट) लिहू का?

खटपट्या:
एलियास दुहेरी अवतरणात लिहिलाय ना? मग डेट कमांड शेल उघडताना एकदाच चालते आणि तीच तारीख एलियासमध्ये अडकते. 'टाइप बॅकअप' मारून बघा, सोमवारची तारीख छापलेली दिसेल. एकेरी अवतरणात लिहा, म्हणजे दर वेळी नव्याने चालेल. काहीही अडलं की मी आधी टाइपच मारतो. नावामागे एलियास आहे, फंक्शन आहे की फाइल, ते लगेच कळतं.

रात्रपाळी:
अगदी तसंच निघालं, आभार! आता डेटाबेसचं नाव मध्येच देता यावं म्हणून त्याच नावाचं फंक्शन लिहिलं. तर .बॅशआरसी सोर्स करताना (चालू शेलमध्ये पुन्हा वाचताना) नावापुढच्या कंसापाशी सिंटॅक्स एरर. ओळ दहादा तपासली.

खटपट्या:
ओळ बरोबरच असणार. एलियास फाइलमधून काढलात तरी त्या शेलमध्ये तो अजून जिवंत आहे. फंक्शनचं नाव दिसताच बॅश तिथे एलियासचा मजकूर घालतो, मग पुढचा कंस त्याला कळत नाही. आधी 'अनएलियास बॅकअप', मग सोर्स. टीमक्सच्या प्रत्येक पेनमध्ये (खिडकीच्या भागात, तिथे वेगळा शेल असतो) हे वेगळं करावं लागेल, ते विसरू नका.

साठवणदार:
फंक्शन ठीक, पण रोजचं काम माणसाच्या आठवणीवर ठेवू नका. स्क्रिप्ट (कमांडची फाइल) करून क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, द्या. क्रॉन तुमची .बॅशआरसी वाचत नाही, त्यामुळे तिथे एलियास किंवा फंक्शन चालणार नाही. आणि डेटचा फॉरमॅट स्क्रिप्टच्या आतच ठेवा. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) डेटच्या फॉरमॅटमधलं सुटं % आलं की कमांड तिथेच तुटते. स्क्रिप्टमध्ये वरच 'सेट -ओ नोक्लॉबर' लिहा. मग > या फाइलमध्ये लिहिण्याच्या चिन्हाने आधीची फाइल पुसली जात नाही, एरर येते. सोमवारचा डंप एवढ्या एका ओळीने वाचला असता.

रात्रपाळी:
नोक्लॉबर माहीतच नव्हतं. आज घरी जायच्या आधी स्क्रिप्ट लावतो.