मुरूम काढलेल्या दोन एकरांत चारा उभा राहील का? (ता. पारोळा)

पारोळ्याची_सून
नमस्कार. आमची पाच एकर कोरडवाहू, त्यातलं वरच्या अंगाचं दोन एकर बरड. महामार्ग चौपदरी होत होता तेव्हा सासऱ्यांनी ते मुरमाला दिलं. बोली चार फुटांची होती, पोकलेन कुठे दहा, कुठे बारा फूट खाली गेलं. वरची माती बाजूला ठेवू म्हणाले होते, ती पहिल्याच आठवड्यात भरावात गेली. आता एका कोपऱ्यात डबकं साचतं आणि बाकी तळ फरशी. टिकाव मारला तर परत उसळतो.
घरी एक म्हैस, दोन गायी, सहा शेळ्या. दादर ज्वारीचा कडबा मृगापर्यंतही पुरत नाही, विकत घ्यावा लागतो. इथे पीक येणार नाही हे कळतंय, पण गवत तरी येईल का? दीर म्हणतात औष्णिक वीज केंद्राची राख आणून खड्डा भरू. चुलत सासरे म्हणतात गाळ टाका. कुणी स्वतः केलंय का?

बोरीकाठ
शेततळं करा आणि मोकळे व्हा.

साक्रीचे_नाना
ताई, माझाही खड्डा आहे, दीड एकराचा. पाच पावसाळे झाले. आधी माझी फजिती ऐका. पहिल्या उन्हाळ्यात धरणाचा काळा गाळ आणला, हायवा डंपरच्या चाळीस खेपा, आणि तळावर सरळ पसरून दिला. मृगाचे दोन दणके बसले आणि सगळा गाळ खालच्या कोपऱ्यात. वर पुन्हा फरशी. घरची म्हणाली, एवढ्या पैशांत कढीच केली की!
तळ फुटलेला नसेल तर वर काहीही टाका, ते वाहूनच जाणार. भरलेले डंपर महिनोन्महिने फिरून तळ दाबून गेलेत. पाणी आत जात नाही, मुळंही जात नाहीत. म्हणून पहिलं काम फोडायचं. पोकलेनची बकेट काढून एकदाती रिपर (जमीन फोडणारा लोखंडी दात) लावायचा, उताराला आडवा, दोन फूट खोल, चार-पाच फुटांवर एक ओळ. हे चैत्रातच करा. कोरडा मुरूम कडकन फुटतो, ओला नुसता चिरतो. त्याच वेळी खड्ड्याच्या उभ्या कडा मोडून घ्या, एक फूट उंचीला तीन फूट उतार. मोडलेला मुरूम तळावर येतो, तेवढाच फुकटचा भर. मध्ये दोन-तीन आडवे ताल, म्हणजे बांध घाला.
आता गाळाचा हिशोब. एकरभर सहा इंच थर द्यायचा तर दोनशे ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वर लागतो, चार ब्रासचा हायवा धरला तरी पन्नासहून जास्त खेपा. एवढी गरजच नाही. फोडलेल्या ओळींतच वीतभर गाळ भरा. सरकारच्या गाळयुक्त शिवार योजनेत अल्पभूधारकाला एकरी १५ हजारांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान होतं. तलाठ्याला विचारा. राखेचा नाद सोडा, तिच्यावर जाड मातीचा थर द्यावा लागतो आणि तीच तर तुमच्याकडे नाही.
मी बी टाकण्याआधीच्या हिवाळ्यात लेंडीखतासाठी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या चार रात्री बसवल्या होत्या. मोबदला दोन पोती बाजरी. आजवरचा सगळ्यात चांगला सौदा तोच.
बियाणं: पवन्या, अंजन गवत, आणि सोबत स्टायलो. ते द्विदल आहे, उघड्या मुरमात तग धरतं. गाळाच्या ओळींत मारवेल गवताचे ठोंब, राहुरी विद्यापीठाचा फुले मारवेल चांगला. गवताचं बी यंदाचं घेऊ नका. ताजं बी झोपलेलं असतं, मागच्या वर्षीचं उगवतं. ते पिसासारखं उडतं म्हणून ओलसर शेण-मातीत कालवून फेका, खोल गाडू नका. स्टायलोचं साल कडक, चार-पाच मिनिटं ८० अंशाच्या पाण्यात घालून मग सुकवा. युरिया नको, थोडं सुपर फॉस्फेट पुरे.
पहिल्या वर्षी टक्कल आणि तरोट्याचं तण दिसेल. मी तर पोळ्याच्या दिवशी तिथे जायचंच टाळलं. दोन पावसाळे एकही जनावर आत सोडू नका, विळ्याने कापूनच न्या. धुळे तालुक्यात लामकानीला जाऊन या, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीने डोंगराला काय झालं ते डोळ्यांनी बघा. माझ्या दीड एकराचं गवत आता दोन गायींना दिवाळीपासून होळीपर्यंत जातं. त्यापुढे नाही, उगाच सांगत नाही.

निवृत्त_कारकून
पोकलेन लावण्याआधी खड्ड्याचं मोजमाप आणि फोटो घ्या. परवान्यात किती ब्रास होते ते तहसीलमधून लेखी मागा. परवान्यापेक्षा जास्त उचललं असेल तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि सातबाऱ्यावर नाव तुमचं असल्याने पहिली नोटीस तुमच्याच दारात येते. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० ला खाणपट्टाधारकांनी खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत वाढवावं, ही अट घालायला केंद्राला सांगितलं. तुमच्यासारख्या तात्पुरत्या परवान्यावर तिचा आधार घेता येईल असं धरून चालू नका, पण अर्जात उल्लेख करायला हरकत नाही. बोली तोंडी होती की कागदावर?

पारोळ्याची_सून
तोंडी. सासरे म्हणतात, शब्दाला किंमत होती तेव्हा. असो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय, त्याआधी मोजणी करून घेते. नाना, डबक्याच्या कोपऱ्याचं काय करायचं? आणि शेळ्या? त्या कुंपण मानत नाहीत.

साक्रीचे_नाना
डबकं बुजवू नका ताई, तेवढं पाणी तिथेच राहू द्या, कडेने हादगा आणि सुबाभूळ लावा. शेळ्यांना त्याचा पाला तोडून घाला. आणि कुंपण बाभळीच्या काट्यांचं करा, पण आधी शेळ्या दावणीला. माझे पहिले तीस हादगे एका दुपारीत गेले, शेजाऱ्याच्या नव्हे, माझ्याच शेळीने खाल्ले.