हायकूत ५-७-५ जमतं, पण जीव येत नाही

प्रश्न: वेताळ टेकडीवरचा बहावा बघून हायकू लिहिला (मूळची जपानी, तीन ओळींची कविता; ओळींत ५, ७, ५ अक्षरं):
टेकडीवर
बहावा फुललेला
मन आनंदी
अक्षरं बरोबर आहेत ना? जोडाक्षर एक धरायचं की दोन? आणि हे सपाट का वाटतंय?

उत्तर १: जोडाक्षर एकच. 'त्र्या'सुद्धा एक. पण आकड्याला फार चिकटू नका. जपानी मोजणी अक्षरांची नाहीच, मात्रेसारख्या एककाची आहे. 'निप्पोन'चे तिथे चार होतात: नि-प्-पो-न्.
खरी गडबड तिसऱ्या ओळीत. 'मन आनंदी' हा निकाल झाला, वाचणाऱ्याला काही उरलंच नाही. तिथे दिसणारी वस्तू ठेवा:
बहावा गळे –
निजलेल्या कुत्र्याचे
कान पिवळे

उत्तर २: 'गळे'नंतरची ती आडवी रेघ महत्त्वाची. जपानीत 'या', 'केरी' असे तोडशब्द (कविता दोन भागांत तोडणारे शब्द) असतात, आपल्याकडे रेघेवर भागतं. तोड एकदाच. दोनदा तोडलं की तीन सुटे तुकडे पडतात.
'बहावा' म्हटलं की उन्हाळा आलाच, वर 'वैशाख' नको. सोबत काटेसावर तर मुळीच नको, ती फेब्रुवारीतली.

प्रश्नकर्ता: यमक लागतंच का?

उत्तर १: जपानीत नसतं. मराठीत कवयित्री शिरीष पैंच्या हायकूंमुळे दोन ओळींचं यमक रुळलं. आपोआप आलं तर घ्या. 'गळे'साठी 'तळे' खोदायला जाऊ नका!

उत्तर २: आणि व्हॉट्सॲपवर टाकताना खाली बहाव्याचा फोटो नको. शब्दांनी दाखवलेलंच तो पुन्हा दाखवतो.