झपाटलेला जवान, बरं करणारी बाई: भूत जायलाच हवं का?

डिचोलीकरीण:
काल इथे एकाने लिहिलं की युद्धावरून परतलेला, मेलेल्या साथीदारांनी झपाटलेला सैनिक आणि त्याला बरं करणारी बाई ही प्रेमकथा म्हणजे बायकांचं दिवास्वप्न, त्यात ना भूत खरं ना प्रेम. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते.

माझा मामा शांतिसेनेत होता. १९८७ ला श्रीलंकेत गेला, परतला तो एकटा परतला नाही. सकाळी पेजेला बसला की मामीला म्हणायचा, आणखी एक वाटी वाढ. ती वाढायची. कडेला मीठ, तोराची, म्हणजे कैरीची, एक फोड. वाटी उंबऱ्यापाशी ठेवायची आणि मामा उठला की पेज माडाच्या मुळात ओतायची. कोण आलंय, असं तिने कधी विचारलं नाही. गावाला ती झाडपाल्याचं औषध द्यायची, काविळीला लोक लांबून यायचे. मामाला मात्र काढा दिला नाही की अंगारा लावला नाही.

ही बाई दिवास्वप्न नव्हे. माझं भांडण लेखकांशी आहे. शेवटच्या प्रकरणात तिने कपाळावर हात ठेवला आणि मेलेले निघून गेले, असं का लिहिता? ज्यांच्या कुशीला कूस लावून खंदकात झोपला, त्यांना हाकलून तो सुखी कसा होईल?

म्हापसेकर:
तो 'एकाने' म्हणजे मी. ताई, मामींबद्दल आदर आहे, पण तुम्ही सांगताय तो आजार आहे. पहिल्या महायुद्धात त्याला शेल शॉक म्हणत, १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तो पीटीएसडी म्हणून आला. त्यावर उपचार आहेत. माझा थोरला भाऊ फौजेतून आला तेव्हा घरच्यांनी त्याला घाड्याकडे, म्हणजे कौल लावून भुतं उतरवणाऱ्याकडे नेलं. नारळ, कोंबडा, कौल यात दीड वर्ष गेलं. मग कुणीतरी म्हणालं, लग्न करून द्या, प्रेमाने सुधारेल. वहिनी चार वर्षांत माहेरी गेली. असल्या कथांची चीड येते ती म्हणून.

सत्तरीकर:
घाड्यांना मध्ये ओढू नका. आपल्याकडे सगळीच भुतं उतरवायची नसतात. देवचार राखणदार असतो. घोंगडी पांघरून, हातात दांडा घेऊन रात्री मेरेवरून फिरतो. सोरो-रोट, म्हणजे दारू आणि भाकर, दिला की तो आपला. बेताळाला वहाणा वाहतो त्या तो फिरून झिजवतो म्हणूनच ना? लेखक मात्र परदेशी कादंबरीतलं फिकट भूत उचलून कळंगुटच्या बंगल्यात बसवतात. ही गोष्ट गोव्यात घडली तर जवानाचे मेलेले मित्र त्याची राखण करतील.

पणजीवासी:
बरं करणारी बाई म्हणता आणि आबे फारियांना विसरता? १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये लोकांना संमोहित करायचा. मेस्मर नावाच्या डॉक्टरचे चेले अंगातल्या चुंबकीय द्रवाच्या गोष्टी करत होते, तेव्हा फारियांनी ठामपणे सांगितलं की शक्ती माझ्यात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे. १८१९ साली पुस्तक लिहून ठेवलं. मग बाईच्या हातात जादू कशी असेल?

सत्तरीकर:
पणजीतला फारियांचा पुतळा बघून माझी आजी म्हणायची, पाद्री बाईचं भूत काढतोय.

पणजीवासी:
भूत नव्हे, संमोहन! वीस वर्षं शाळेत शिकवतोय, दर सहलीला हेच ऐकतो, बरोबरचे शिक्षकसुद्धा हेच सांगतात. जुन्या सचिवालयाजवळ रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ साली घडवलेलं एवढं शिल्प उभं आहे, आणि आपल्या मुलांना आपलाच माणूस माहीत नाही. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर आख्खा धडा हवा.

पेडण्याची नर्स:
त्या पुतळ्यातली बाई कोणी नीट बघितली का? तो हात पसरून उभा, ती मागे कलंडलेली, आता पडते की काय असं वाटतं. कथेत ती बरं करणारी असली तरी शेवटी तीच कलंडते. अठरा वर्षं रात्रपाळ्या केल्यात मी. बाईला 'खंबीर' म्हटलं की तिला बसायला खुर्ची द्यायचं कोणाच्या मनात येत नाही. डिचोलीकरीणताई, मामी कधी रडल्या का हो?

म्हापसेकर:
पुतळा पुरे! सत्तरीकर, तुमचा देवचार माझ्या भावाचं दीड वर्ष परत देणार आहे का?

सत्तरीकर:
तुमच्या भावाला नाडणारा घाडी नव्हता, भोंदू होता. माझे आजोबा घाडी. कोणाकडून पैसा घेतला नाही. साप चावलेला माणूस आणला तर आधी गाडीत घालून इस्पितळात पाठवायचे, कौल नंतर. त्यांना भोंदूंच्या पंगतीत बसवलंत तर मी ऐकून घेणार नाही.

म्हापसेकर:
असा घाडी आम्हाला भेटला असता तर भांडलो नसतो, एवढं मान्य. वाटीचंही अर्धं मान्य. बांबोळीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनीसुद्धा भावाला विसर म्हटलं नाही, बोल म्हटलं. पण गोळ्याही दिल्या. कथेत त्या गोळ्या येऊ देत, मग वाचेन.

डिचोलीकरीण:
येऊ देत, माझी ना नाही. मामालाही मिळायला हव्या होत्या.

नर्सताई, मामा गेला तेव्हा मामी रडली नाही. दिवस झाल्यावर तिने त्याची ट्रंक उघडली. तळाशी एक फोटो होता, गणवेशातले चार पोरगे, मामा डावीकडून दुसरा. फोटो माझ्या हातात देऊन तिने विचारलं, "यातला पेजेला येणारा कोण गो?"

मला माहीत नव्हतं. तेव्हा रडली.