शब्दचर्चा: रोलप्लेसाठी विनामोबदला लिहिणाऱ्याला मराठीत काय म्हणावे?

कोरीपाटी
डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर लेखी रोलप्ले (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट लिहीत जाण्याचा खेळ) खेळणाऱ्या एका मराठी गटाला विनामोबदला लिहिणारे चार-पाच जण हवे आहेत. त्यांना द्यायचे दोन पानी टिपण तयार करायचे आहे आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली. ‘क्रिएटिव्ह रायटर’ला सर्जनशील लेखक म्हटले की संमेलनाची निमंत्रणपत्रिका वाटते. ‘व्हॉलंटिअर’ला स्वयंसेवक म्हटले की छातीला बिल्ला लावून गणपतीच्या रांगेत दोरी धरणारा माणूस दिसतो. पुढे लोर (जगाची माहिती), कॅनन, एनपीसी (कोणा खेळाडूचे नसलेले, लेखकांनी चालवायचे पात्र), प्लॉट हूक (खेळाडूंना प्रसंगात ओढणारी सुरुवात), गॉडमॉडिंग, मेटागेमिंग, रेटकॉन (आधी लिहिलेले मागाहून बदलणे) आहेतच. यांतले काय मराठीत आणावे आणि काय तसेच ठेवावे?

गारगोटी
हा लेखक करतो काय ते आधी मांडा, नाव मग सुचेल. तो जगाची माहिती लिहितो: गाव, घराणी, कालपट, नकाशावरची नावे. तो प्रसंग उभा करतो आणि खेळाडूंच्या हाती देतो. नव्या खेळाडूंनी भरलेली पात्रांची माहिती तपासतो आणि आठवड्याभरात काय घडले त्याचा गोषवारा लिहितो. कथा शेवटापर्यंत लिहिणे मात्र त्याचे काम नाही. कथालेखक म्हणून आलेल्यांपैकी बरेच जण इथेच घसरतात. कादंबरी लिहायची हौस असते, मग शेवट आधीच ठरतो आणि खेळाडूंनी काहीही केले तरी सरदार मरतोच. दोन-तीन वेळा असे झाले की खेळाडू लिहायचे थांबतात. म्हणून ‘कथाकार’ नको. ‘प्रसंगलेखक’ म्हणा.

विंगेतून
प्रसंगलेखक आवडला. स्वयंसेवकाच्या जागी ‘हौशी’ घ्या. ‘हौशी रंगभूमी’मुळे त्या शब्दाला कमीपणा उरलेला नाही. ‘मानद’ म्हणजे बिनपगारी पण पदाचा मान असलेला, मानद सचिव असतो तसा. पद देणार असाल तरच तो वापरा.

‘रोलप्ले’ला ‘भूमिकानाट्य’ म्हणू नका, तो शब्द शाळेतल्या आणि नोकरीच्या प्रशिक्षणातल्या कृतीसाठी रुळला आहे. ‘रोलप्ले’ तसाच ठेवलात तरी बिघडत नाही, कारण ही पद्धत आपल्याकडे परकी नाही. दशावतारात आख्यान आणि कोणी काय सोंग घ्यायचे हे ठरलेले असते, संवाद मात्र नट ऐनवेळी रचतात. तमाशाच्या वगातही तेच. ठरलेले कथानक आणि न ठरलेले बोलणे यांची फोड ज्याला कळते, तो रोलप्लेचा चांगला लेखक होतो.

खेळ चालवणाऱ्याला ‘सूत्रधार’ म्हणा. ‘मास्टर’ हा शब्द १९७४ सालच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेच्या खेळामुळे रुळलेल्या ‘डंजन मास्टर’वरून चिकटला आहे. मराठीत मास्तर म्हटले की छडीच आठवते.

प्लॉट हूकसाठी ‘गळ’ नको, ‘बीज’ घ्या. नाट्यशास्त्रातला शब्द आहे: सुरुवातीला थोडक्यात सांगितलेले, पुढे पसरत जाणारे. त्याच यादीत ‘पताका’ आणि ‘प्रकरी’ आहेत. दूरवर चालणारे उपकथानक ती पताका, छोटा प्रसंग ती प्रकरी. रामायणात सुग्रीवाची गोष्ट पताका, शबरीची प्रकरी. दोन-तीन महिने चालणारी मोहीम आणि एका रात्रीत संपणारा प्रसंग यांसाठी तुम्हाला वेगळे शब्द लागणारच आहेत, ते आयते मिळाले. आधी काय घडून गेले हे दुय्यम पात्रांच्या बोलण्यातून सांगणारा ‘विष्कंभक’ म्हणजे तुमचा साप्ताहिक गोषवारा. दोन शिपाई पहाऱ्यावर गप्पा मारताहेत असा दीडशे शब्दांत लिहिला, तर बाहेरगावी गेलेला खेळाडू तो वाचतो. मुद्द्यांची यादी कोणी वाचत नाही.

लिंबूटिंबू
विष्कंभक हा शब्द नियमावलीत दिसला की सोळा वर्षांचा खेळाडू पळून जाईल. लेखकांपुरते नाट्यशास्त्र ठीक आहे. खेळाडूंसाठी अंगणातल्या खेळातले शब्द घ्या, ते अर्थासकट पाठ आहेत.

गॉडमॉडिंग म्हणजे ‘रडीचा डाव’. कुणाची पाळी आहे यासाठी ‘राज्य कुणावर?’. नवा खेळाडू, ज्याचे पात्र पहिला महिना मरू शकत नाही, तो ‘लिंबूटिंबू’ (हे नाव त्यासाठी घेतलेले नाही). आणि प्रसंग कुणाला नकोसा झाला, रक्तपात वा छळ सहन होईना, तर लगेच थांबवायचा संकेत असतो. इंग्रजीत त्याला एक्स-कार्ड म्हणतात. त्याला ‘टाइमप्लीज’ यापेक्षा चांगला शब्द सापडणार नाही. टाइमप्लीज म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नसते आणि तोवर त्याला कोणी आउट करत नाही, हे दोन्ही नियम मराठी पोराला शिकवावे लागत नाहीत.

गारगोटी
टाइमप्लीज मान्य. ‘रडीचा डाव’ला थोडी हरकत आहे. हरायला आले की कुरकुर करणे, नियम मोडणे, हे सगळे रडी. गॉडमॉडिंग नेमके आहे: दुसऱ्याच्या पात्राचे काय झाले ते आपणच ठरवणे, किंवा आपल्या पात्राला काहीच होऊ न देणे. पहिल्या प्रकाराला ‘परपात्रहुकूम’ वगैरे जोडशब्द करण्यापेक्षा क्रियापदाचा नियम सांगा. ‘हैबतीच्या खांद्यावर वार करतो’ चालेल. ‘हैबतीच्या खांद्यावर वार बसतो’ चालणार नाही. ‘करतो, फेकतो, धरायला जातो, ओढू पाहतो’ इथपर्यंत माझे राज्य. ‘बसतो, लागतो, तुटतो, पडतो’ हे समोरच्याने लिहायचे. नव्या लेखकांना व्याख्येपेक्षा ही जोडी लवकर कळते. फासे वापरत असाल तर ‘बसतो’ फासे ठरवतात, एवढाच फरक.

ऱ्हस्वदीर्घ
क्रियापदाचा विषय निघालाच आहे तर लेखकांच्या टिपणात ही बाब घालाच. प्रसंग द्वितीय पुरुषात लिहिला की मराठी क्रियापद खेळाडूचे लिंग उघड करते: ‘तू दारापाशी पोहोचतोस’ की ‘पोहोचतेस’? पात्र कोणते आहे हे लेखकाला माहीत नसते. उपाय ‘तुम्ही’. ‘तुम्ही पोहोचता’, ‘तुम्ही पोहोचलात’, ‘तुम्ही पोहोचणार आहात’ हे सगळे दोघांनाही चालते. ‘तुम्ही दार उघडलेत’मध्ये तर क्रियापद दाराकडे बघते. फसायला होते ते विशेषणांत आणि ‘-लेले’मध्ये: ‘तुम्ही एकटे आहात’, ‘तुम्ही थकलेले आहात’. तिथे वाक्य फिरवा: ‘सोबत कोणी नाही’, ‘पाय जड झाले आहेत’.

याच ‘तुम्ही’चा दुसरा त्रास: एकवचन की अनेकवचन? चार जण प्रसंगात असताना ‘तुम्हाला भिंतीमागून कुजबुज ऐकू येते’ लिहिले की चौघेही ती ऐकतात, आणि लेखकाला फक्त एकाला ऐकवायची असते. ‘तुम्हा चौघांना’ किंवा पात्राचे नाव घालून तृतीय पुरुष, यांपैकी एक निवडा आणि पूर्ण प्रसंगात तेच ठेवा.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक मात्र फायद्याचा आहे. किल्लेदार ‘आपल्याला गड सोडावा लागेल’ म्हणतो तेव्हा ऐकणारा त्यात धरलेला आहे. ‘आम्हाला गड सोडावा लागेल’ म्हटले की तो वगळला गेला. फितुरीचा संशय पेरायला एवढा एक शब्द पुरतो. इंग्रजीतून उतरवलेल्या प्रसंगांत हे हमखास हुकते.

कोरीपाटी
क्रियापदाची जोडी आणि ‘तुम्ही’ची सूचना दोन्ही घेतो. एनपीसी आणि कॅननचे काय?

विंगेतून
‘बिनखेळाडू पात्र’ कानाला बोचते. ‘भालदार-चोपदार’ म्हणावे तर काही एनपीसी महत्त्वाचे असतात.

गारगोटी
‘सामायिक पात्र’ म्हणा. सातबाऱ्यावरची सामायिक विहीर सगळ्यांना ठाऊक असते. या शब्दाने एक चुकीची सवयही मोडते. लेखक आपण रचलेली म्हातारी वैद्यीण स्वतःचीच समजतो, तिचे गुपित कुठे लिहून ठेवत नाही, परीक्षा आली की गायब होतो आणि पताका तिथेच लटकते. सामायिक पात्राची पाचच ओळींची नोंद सगळ्या लेखकांना दिसेल अशी ठेवा: बोलण्याची लकब (एक नमुना वाक्य), त्याला काय हवे आहे, काय लपवतो, कोणाशी वैर, आणि काय कधीच करणार नाही. शेवटची ओळ सर्वांत उपयोगाची, कारण दुसऱ्याने ते पात्र चालवताना घोळ तिथेच होतो. नोंद बदलायचा अधिकार किमान दोघांकडे असू द्या.

कॅननला ‘प्रमाण’. प्रमाण मानलेले, एवढाच अर्थ हवा आहे. त्याच्या जोडीला ‘वदंता’. जगाच्या माहितीतल्या प्रत्येक नोंदीवर तीनपैकी एक खूण करा: प्रमाण, वदंता, मोकळे. प्रमाण कोणी बदलायचे नाही, वदंता खोटी ठरू शकते, मोकळ्या जागी खेळाडूने रचावे. नवे लेखक सगळेच प्रमाण लिहून टाकतात. तेराव्या पिढीपर्यंत वंशावळ देतात आणि खेळाडूला पाय ठेवायला जागा उरत नाही. निम्म्याहून जास्त नोंदी वदंता किंवा मोकळ्या असाव्यात असे माझे मत.

ऱ्हस्वदीर्घ
मग रेटकॉन म्हणजे ‘सारवासारव’!

गारगोटी
वाईट केला तर तसेच. नियमावलीत ‘मागील दुरुस्ती’ लिहा. चूक त्याच दिवशी सापडली आणि कोणी त्यावर पुढे लिहिलेले नसेल तर सरळ मजकूर बदला. पुढे लिहून झाले असेल तर मूळ मजकूर पुसू नका, खाली तारखेसह दुरुस्ती द्या. नाहीतर ज्यांनी त्यावर उत्तरे दिली त्यांची वाक्ये अधांतरी राहतात. तिसरा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा: आधीचे प्रमाण वदंतेत ढकला. नदी उत्तरेला वाहते असे भाटाने सांगितले होते, भाट चुकला.

लिंबूटिंबू
मेटागेमिंगला ‘बाहेरची खबर’. खेळाडूला कळले पण पात्राला कळलेले नाही, ते. यात दोष बहुतेक वेळा लेखकाचा असतो. घोषणेतच ‘वाड्यात लपलेल्या मारेकऱ्याला शोधा’ लिहितो आणि मग सगळी पात्रे थेट वाड्यावर जातात म्हणून रागावतो. सर्वांना दिसणाऱ्या मजकुरात फक्त पात्रांना दिसते-ऐकू येते तेवढेच ठेवा, उरलेले सूत्रधाराच्या बंद चॅनेलवर. आयसी-ओओसीला ‘पात्रात’ आणि ‘पात्राबाहेर’. पात्राबाहेरचे बोलणे दुहेरी कंसात लिहायची पद्धत आहे, ती राहू द्या.

ऱ्हस्वदीर्घ
कृती ताऱ्यांमध्ये लिहायची इंग्रजी पद्धत मात्र सोडा. डिस्कॉर्ड ताऱ्यांमधला मजकूर तिरपा करते आणि पुष्कळ फॉन्टांत तिरपी देवनागरी वाचवत नाही. संवाद अवतरणात, कृती साधी, एवढे पुरते. शिवाय साध्या खात्याला एका संदेशात २००० चिन्हांची मर्यादा आहे आणि तिथे काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. ‘स्त्री’ एका अक्षराची दिसते, मोजणीत सहा चिन्हे होतात. म्हणून एका संदेशात साधारण ३०० शब्दच धरा. प्रसंगाची मांडणी १५० ते २०० शब्दांत बसवली तर फोनवरही एका दमात वाचून होते.

कलम५७
‘विनामोबदला’ हा शब्द टिपणात असू द्याच, ‘हौशी’ने करार होत नाही. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखनाचा पहिला मालक लेखक. नोकरीच्या कामाचा अपवाद इथे लागत नाही, कारण हा नोकर नाही. हक्क गटाला द्यायचे तर लेखी हवे. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते, असे कलम १९ सांगते. सगळे हक्क मागू नका. ‘या गटाच्या खेळात वापरायला आणि बदलायला कायम परवानगी, नाव दिले जाईल, लेखकाला स्वतःचा मजकूर अन्यत्र वापरता येईल’ एवढी परवानगी पुरते. नाहीतर लेखक सोडून जाताना ‘मी रचलेले राज्य काढून टाका’ म्हणतो आणि निम्मा नकाशा पुसावा लागतो. अठराखालील मुलाशी करार होत नाही, म्हणून लेखक अठराच्या पुढचेच घ्या, खेळाडू लहान असले तरी.

‘स्वयंसेवक’ शब्दावर विसंबूनही राहू नका. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये मजुरीसाठी दावा लावला. त्यांना ठरावीक पाळ्या होत्या, अहवाल द्यावे लागत. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरना तडजोड झाली. नाव काहीही ठेवा, हजेरी आणि पाळ्या लावल्या की ते काम होते. तुमचा गट कंपनी नाही, तरी ‘आठवड्याला दहा तास बंधनकारक’ अशी ओळ कशाला?

गारगोटी
तासांऐवजी वस्तू मागा: महिन्याला दोन प्रकरी आणि एक विष्कंभक. प्रसंगात चार-पाच पात्रांवर घेऊ नका. प्रत्येकाचे रोज एक उत्तर धरले आणि राज्य ओळीने फिरले, तर पाच जणांची एक फेरी पाच दिवसांत होते, सहा फेऱ्यांच्या प्रसंगाला महिना लागतो. म्हणून ४८ तासांत उत्तर नाही तर पाळी पुढे, हा नियम बीजाबरोबरच छापा. बीजात तीन गोष्टी हव्यात: कोणाला काय हवे आहे, कधीपर्यंत, आणि कोणीच काही केले नाही तर काय होईल. तिसरी नसली की प्रसंग वाट बघत पडून राहतो.

कोरीपाटी
लेखक निवडताना नमुना काय मागावा? जुन्या कथा पाठवतात लोक.

विंगेतून
जुनी कथा मागू नका. त्यावरून भाषा कळते, खेळवणे कळत नाही. तुमच्या जगातली एक वदंता द्या आणि तिच्यावर २०० शब्दांचा प्रसंग मागा. दोन अनोळखी पात्रे असतील असे सांगा, त्यांची नावे-लिंग सांगू नका. मग त्या प्रसंगाला मुद्दाम आडवे उत्तर द्या, दरोडेखोराला जेवायला बोलवा, आणि त्यावर आणखी १०० शब्द मागा.

लिंबूटिंबू
आणि दुसऱ्या खेपेला दरोडेखोर जेवायला बसला तर घ्या त्याला.