मदत हवी आहे: दुर्बिणीच्या माउंटचं ग्रीस बदलतोय, पण डेक (उत्तर-दक्षिण) अक्षातली ढिलाई नेमकी कुठली?

मंडळी,

माझ्याकडे जर्मन पद्धतीचा विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारा आधार, आहे. जुना, आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेला. दोन्ही अक्षांना स्टेपर मोटर, तिच्यापुढे छोटी दातेरी चाकं, मग वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा) आणि त्याने फिरणारं १८० दात्यांचं पितळी चाक, अशी नेहमीचीच रचना आहे. इतकी वर्षं त्याने चांगली साथ दिली, म्हणून तो बदलण्यापेक्षा नीट करावा असं मनापासून वाटतं.

तक्रारी दोन आहेत. थंडीच्या रात्री दुर्बीण वेगाने एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर न्यायला गेलं की मोटर किंचाळते आणि मधेच अडते. मोटर अडली तरी कंट्रोलरला वाटतं आपण पोचलो, त्यामुळे पुढचं सगळं लक्ष्य चुकत जातं. दुसरी तक्रार गाइडिंगची, म्हणजे फोटो काढताना सॉफ्टवेअर एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला छोट्या दुरुस्त्या देतं त्याची. डेकमध्ये दिशा उलटली की तारा कितीतरी सेकंद जागचा हलत नाही, सॉफ्टवेअर धक्के देतच राहतं, आणि मग तो एकदम पलीकडे जातो. आरए, म्हणजे पूर्व-पश्चिम अक्षाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिथे साधारण ४७९ सेकंदांची लाट दिसते, आणि ती वर्मचीच आहे: १८० दाते म्हणजे वर्मच्या एका फेऱ्यात अक्ष २ अंश फिरतो, आणि ताऱ्यांच्या गतीने २ अंशांना तेवढाच वेळ लागतो. ती लाट सावकाश येते-जाते, गाइडिंग तिला सांभाळून घेतं. डेकचा उलटा झटका मात्र सांभाळला जात नाही, लांब एक्स्पोजरमध्ये तारे अंड्यासारखे येतात.

डेकचं झाकण उघडून पाहिलं. मूळचं पिवळं ग्रीस मेणासारखं घट्ट झालंय, काडीने खरवडलं तर पापुद्रा निघतो. दात्यांच्या खाचांमध्ये ते काळपट आहे आणि बॅटरीच्या उजेडात त्यात पितळेची बारीक चमक दिसते. चाकाच्या एका भागात ही चमक जास्त, उरलेल्या घेरात जवळजवळ नाहीच. म्हणजे दात्यांची झीज सगळीकडे सारखी नसावी.

आता प्रश्न. जुनं ग्रीस पूर्ण काढायला रॉकेल वापरू की आयसोप्रोपिल अल्कोहोल? नवीन ग्रीस कुठलं? घरात गाडीच्या चाकांच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस आहे, पण ते थंडीत पुन्हा आखडेल अशी भीती वाटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ढिलाई काढायला वर्म चाकाजवळ सरकवायचा, असं जिथे तिथे वाचतो. पण एकीकडे अक्ष जड चालतोय आणि दुसरीकडे ढिला आहे, अशा वेळी आधी कशाला हात घालावा? वर्म आवळला आणि मोटर अजूनच अडायला लागली तर काय, हे मला कळत नाहीये.

प्रतिसाद:

वर्मच्या जुळणीला सगळ्यात शेवटी हात लावा. जडपणा आणि ढिलाई ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना आधी वेगळं करा.

क्लच (अक्षाला वर्मच्या चाकाशी जोडणारी पकड) सोडून अक्ष हाताने फिरवा. तेव्हाही जड लागला तर दोष मुख्य बेअरिंगमध्ये किंवा चाकाखालच्या आखडलेल्या ग्रीसमध्ये आहे, वर्मचा त्यात संबंध नाही. मग क्लच आवळा, मोटरकडचं छोटं दातेरी चाक काढा आणि वर्म दोन बोटांनी फिरवून बघा. पूर्ण फेऱ्यात सारखा फिरायला हवा.

ढिलाईला तीन जागा असतात: छोट्या चाकांमध्ये, वर्म आणि मोठ्या चाकामध्ये, आणि खुद्द वर्म आपल्या बेअरिंगमध्ये पुढेमागे सरकतो ती. तिसरी जागा बहुतेक जण विसरतात. वर्मच्या टोकावर बोट ठेवा आणि दुसऱ्या हाताने दुर्बिणीचं एक टोक डेक अक्षाभोवती हलकेच पुढेमागे ढकला. बोटाखाली टिक् असं जाणवलं तर वर्म लांबीच्या दिशेने हलतोय. मग जुळणी कितीही आवळा, ढिलाई जाणार नाही, उलट दाते खाल. ९० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर एक कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) ढिलाई म्हणजे जेमतेम ०.०१३ मिलिमीटर, त्यामुळे एवढीशी टिकही पुरते.

साफसफाईला आधी रॉकेल, मग त्याचा तेलकट थर काढायला आयसोप्रोपिल. पण बंद बेअरिंग बुडवू नका. द्रावक रबरी कडेतून आत शिरतं आणि आतलं चांगलं ग्रीस पातळ करतं, ती फक्त बाहेरून पुसा. ग्रीस कृत्रिम तेलाचं, पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं, दोन नंबरच्या घट्टपणाचं घ्या. जुन्यावर नवीन थापू नका, वेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र आली की कधी पातळ होतात, कधी गोठतात. आणि थर पातळच हवा. जास्त झालेलं ग्रीस दाते बाजूला सारतात, त्याचा उपयोग नाही.

जुळणीला शेवटी आलात की चाक पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथेच वर्मला चाकाजवळ सरकवणारे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) फिरवा, एका वेळी आठवा हिस्सा फेरा. झिजलेल्या भागावर जुळवलंत तर न झिजलेल्या भागात जाम होईल. किंचित ढिलाई मुद्दाम ठेवा, कारण थंडीत अॅल्युमिनियमची बॉडी पितळेपेक्षा आणि पोलादापेक्षा जास्त आकसते आणि वर्म आपोआप चाकावर दाबला जातो. उरलेल्या ढिलाईवर उपाय असा: ध्रुवाची जुळणी, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशातल्या ध्रुवाकडे रोखणं, जराशी चुकीची ठेवा, म्हणजे डेकमध्ये तारा एकाच दिशेला सरकेल, आणि गाइडिंगही त्याच एका दिशेला ठेवा. दिशा उलटलीच नाही तर ढिलाई मधे येत नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार. क्लच सोडल्यावर अक्ष खरंच जड आहे, म्हणजे साफसफाई आधी. आणि वर्मच्या टोकावर बोट ठेवलं तर टिक् स्पष्ट लागते. हे मला सुचलंच नसतं.

बेअरिंगच्या तोंडावर आटे असलेली एक चकती आहे, तिला समोरासमोर दोन भोकं आहेत. गोल टोकांच्या पकडीने ती फिरते. पण किती आवळायची? टिक् जाईपर्यंत आवळली की वर्म बोटांना जड लागायला लागतो, पाव फेरा मागे घेतली की टिक् परत येते. या दोहोंच्या मधली जागा शोधताना चकती तिथेच टिकावी म्हणून आट्यांना हलकं लॉकिंगचं रसायन लावावं का? की पुढे पुन्हा उघडताना त्रास होईल? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगावं, तोवर मी साफसफाई सुरू करतो.